सड्यावरील वनस्पतींचा चौकट-अभ्यास: पहिल्या पावसाआधीपासून अखेरच्या तक्त्यापर्यंत

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातील जांभ्याच्या सड्यांवर (कातळाच्या उघड्या पठारांवर), किंवा कास आणि मसाईसारख्या घाटमाथ्यावरच्या पठारांवर वनस्पतींचा परिस्थितिकीय अभ्यास करणाऱ्या एम.एस्सी., पीएच.डी. आणि पोस्टडॉक्टरल संशोधकांसाठी हा लेख आहे. अशा प्रबंधांत त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात. त्यांतील बहुतेक चुका पहिली चौकट (आतल्या वनस्पती मोजण्यासाठीची ठरावीक मापाची चौरस कड) जमिनीवर ठेवण्याच्या आधीच झालेल्या असतात, त्यामुळे हंगाम संपल्यावर कोणत्याही संख्याशास्त्रीय पद्धतीने त्या दुरुस्त करता येत नाहीत. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत आणि एका टप्प्याची तपासणी पूर्ण झाल्याशिवाय पुढच्या टप्प्याकडे जाऊ नये.

टप्पा १: प्रश्न आणि एकक ठरवणे

सर्वाधिक वेळ येथे द्यावा. ‘सड्यावरील वनस्पतींची विविधता’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘मातीच्या थराची जाडी वाढते तशी एकवर्षायू वनस्पतींची संख्या कशी बदलते’ हा प्रश्न आहे, कारण त्यातून काय मोजायचे आणि कशाची कशाशी तुलना करायची हे लगेच ठरते.

प्रश्नानंतर एकक, म्हणजे जिची इतरांशी तुलना करायची ती स्वतंत्र गोष्ट, ठरते, आणि येथेच बहुतेकांचे पाऊल चुकते. समजा, एका सड्यावर गुरांना अडवणारे कुंपण आहे. विद्यार्थी कुंपणाच्या आत ३० आणि बाहेर ३० चौकटी घेतो आणि चराईचा परिणाम सिद्ध झाला असे लिहितो. प्रत्यक्षात त्याने आतल्या एका तुकड्याची बाहेरच्या एका तुकड्याशी तुलना केलेली असते. आतला भाग मुळातच किंचित खोलगट असेल आणि तेथे पाणी आठवडाभर जास्त टिकत असेल, तर तो फरकही चराईच्या नावावर जमा होतो. ६० चौकटींऐवजी ६०० घेतल्या तरी कुंपण एकच राहते. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीची सविस्तर मांडणी केली. मराठीत तिला ‘आभासी पुनरावृत्ती’ म्हणता येईल. चराईचाच प्रश्न विचारायचा असेल, तर चराई असलेले अनेक सडे आणि नसलेले अनेक सडे लागतात, आणि तेथे एकक चौकट नसून सडा असतो.

एम.एस्सी.च्या एका हंगामात अनेक सडे शक्य नसतील, तर प्रश्न बदलावा. एककांची संख्या फुगवून दाखवू नये. एकाच सड्यावर चांगले काम होऊ शकते, मात्र प्रश्न त्या सड्याच्या आतला असावा लागतो. कातळातील पाण्याने भरणारे खळगे यासाठी फार सोयीचे असतात: प्रत्येक खळगा वेगळा असतो, त्याची सीमा डोळ्यांना दिसते, खोली आणि क्षेत्रफळ मोजता येते, आणि २५-३० खळगे एका दिवसाच्या चालण्यात सापडतात. त्यातून निघणारा निष्कर्ष त्या सड्यापुरताच आहे, हे प्रबंधात स्पष्ट लिहावे.

दुसरी चूक म्हणजे दोन कारणे एकमेकांत मिसळणे. किनाऱ्यालगतचे सडे ‘खाणकाम झालेले’ म्हणून आणि घाटमाथ्यावरची पठारे ‘अबाधित’ म्हणून निवडली, तर उंची, पाऊस, धुके आणि खाणकाम हे सारे एकाच वेळी बदलते. कास समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे, तर कोकणातील बरेचसे सडे २०० मीटरच्याही खाली आहेत; त्यांच्यातील फरक कोणत्याही एका कारणाचा म्हणून सांगता येत नाही.

*तपासणी:* कोऱ्या कागदावर एकच वाक्य लिहावे: ‘माझे एकक अमुक आहे, प्रत्येक गटात अशी इतकी एकके आहेत आणि त्यांच्यात या एका गोष्टीव्यतिरिक्त ठळक फरक नाही.’ हे वाक्य मार्गदर्शकांसमोर न अडखळता म्हणता आले तर पुढे जावे.

टप्पा २: परवानग्या

जूनमध्ये काम सुरू करायचे असेल तर अर्ज डिसेंबर-जानेवारीत द्यावेत. जागा राखीव वनात असेल तर वनविभागाची, आणि अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानात असेल तर वन्यजीव विभागाची लेखी परवानगी लागते. केवळ फिरण्याची परवानगी आणि वनस्पती गोळा करण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्जात किती नमुने, कोणत्या भागांचे आणि कोठे जमा होणार हे स्वतंत्रपणे लिहावे.

कोकणातील अनेक सडे खासगी किंवा सामायिक मालकीचे आहेत. सातबारा पाहून मालकाला भेटावे, ग्रामपंचायतीला आणि गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला पत्र द्यावे, आणि गुराख्यांशी सविस्तर बोलावे. सडा कोणत्या वर्षी जळला, गुरे कोणत्या महिन्यात वर येतात, पाणी कोठे शेवटपर्यंत टिकते, ही माहिती त्यांच्याकडेच असते आणि तिची नोंद कोणत्याही नकाशावर नसते.

परदेशी विद्यापीठात काम करणाऱ्या मराठी संशोधकांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ३ नुसार परदेशी नागरिकांना, तसेच आयकर कायद्याच्या अर्थाने अनिवासी असलेल्या भारतीय नागरिकांनाही, जैविक संसाधने संशोधनासाठी मिळवण्यापूर्वी चेन्नई येथील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मान्यता घ्यावी लागते. पासपोर्ट भारतीय आहे एवढे पुरेसे नाही.

*सावधान:* राजापूर आणि रत्नागिरी परिसरातील काही सड्यांवर कातळशिल्पे आहेत आणि त्यांतील काही मातीच्या पातळ थराखाली झाकलेली असतात. अशा सड्यावर खिळा ठोकणे, रंगाची खूण करणे किंवा माती खरवडणे पूर्णपणे टाळावे.

टप्पा ३: ओळख आधी, चौकट नंतर

मार्च ते मे हे महिने हर्बेरियमसाठी, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयासाठी, आहेत. पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र, आघारकर संशोधन संस्था, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि मुंबईतील ब्लॅटर हर्बेरियम येथे सड्यांवरच्या प्रजातींचे वाळवलेले नमुने पाहता येतात. पूर्वपरवानगी घेऊन जावे आणि निदान चार गटांवर वेळ घालवावा: गवते, लव्हाळे, गेंद म्हणजे एरिओकॉलॉन, आणि सीतेची आसवे ज्यात मोडतात ते युट्रिक्युलारिया. सोनकी किंवा तेरडा कोणालाही ओळखता येतो. अभ्यासाची खरी परीक्षा या चार गटांत होते. एरिओकॉलॉनच्या अनेक प्रजाती पक्व गेंद आणि बीजाचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय वेगळ्या करता येत नाहीत, हे आधी ठाऊक असेल तर सड्यावर उभे राहून नाव देण्याचा मोह होत नाही.

साहित्याची यादी लहान आहे: ५० सेंटिमीटर आणि १ मीटर बाजूच्या घडीच्या चौकटी, ३० मीटरची टेप, ५-६ मिलिमीटर जाडीची खुणा केलेली सळई, हातभिंग, पेन्सिली, पावसात टिकणारा कागद, जीपीएस, दाबयंत्र, जुनी वर्तमानपत्रे, आणि ७० टक्के अल्कोहोल भरलेल्या छोट्या बाटल्या. शाईचे पेन नेऊ नये. मोबाईलवरच नोंदी करण्याचा हट्ट धरू नये. मुसळधार पावसात ओल्या बोटांनी पडदा चालत नाही आणि नेमका त्याच दिवशी नोंदींत खंड पडतो.

टप्पा ४: फेऱ्यांचे वेळापत्रक

सप्टेंबरमध्ये फुले दिसतात म्हणून केवळ सप्टेंबरमध्ये जाणे ही सर्वांत प्रचलित चूक आहे. हॅबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिससारखी आमरी (ऑर्किड) जून-जुलैमध्ये फुलते आणि पुढे उंच वाढलेल्या गवतात सापडत नाही. अनेक गवतांना मात्र सप्टेंबरअखेरीपर्यंत तुरे येत नाहीत. म्हणून किमान तीन फेऱ्या कराव्यात: माती पूर्ण भिजून कंदवर्गीय वनस्पती वर आल्यावर पहिली, खळगे काठोकाठ भरलेले असताना दुसरी, आणि खळग्यांच्या कडा सुकू लागल्यावर तिसरी. फेरी तारखेने न ठरवता सड्याच्या स्थितीवरून ठरवावी, कारण किनाऱ्यालगतचा सडा घाटमाथ्यापेक्षा लवकर वाळतो.

भेटींचा क्रमही महत्त्वाचा असतो. आधी सगळे चराईचे सडे आणि मग तीन आठवड्यांनी सगळे बिनचराईचे सडे असे केले, तर मधल्या तीन आठवड्यांचा ऋतुबदल चराईत मिसळतो. दोन्ही गटांतील सडे आळीपाळीने घ्यावेत.

*तपासणी:* वेळापत्रकात प्रत्येक फेरीत निदान एक तृतीयांश दिवस मोकळे असावेत. सड्यावर वीज कडाडू लागली की उघड्यावर थांबायचे नाही, त्यामुळे काही दिवस हमखास वाया जातात. दगडांच्या फटींत आणि सपाट दगडांखाली हात घालू नये, कारण जांभ्याचा सडा हे फुरशाचे घर आहे.

टप्पा ५: पूर्वपाहणी

पहिल्या दोन दिवसांत मिळालेली माहिती अंतिम तक्त्यात धरायची नाही, हे ठरवूनच पूर्वपाहणी करावी. उघडा कातळ, पातळ मातीचे पट्टे, खळगे, वाहत्या पाण्याचे ओलसर पट्टे, मातीने भरलेले सखल भाग आणि झुडपांची बेटे, असे सूक्ष्म अधिवास हाताने काढलेल्या नकाशावर आखावेत. प्रत्येक अधिवासात पाचेक ठिकाणी चौकटीचा आकार टप्प्याटप्प्याने दुप्पट करत नव्या प्रजाती किती मिळतात ते पाहावे. ज्या आकारानंतर भर फारच मंदावते तो आकार निवडावा आणि पुढे तो बदलू नये. पातळ मातीवरच्या इवल्याशा वनस्पतींसाठी ५० सेंटिमीटरची चौकट बहुधा पुरते. उंच गवतासाठी १ मीटरची लागली, तर तिच्या एका कोपऱ्यात ५० सेंटिमीटरची नोंद वेगळी ठेवावी, म्हणजे दोन अधिवासांची तुलना समान क्षेत्रफळावर करता येते.

टप्पा ६: चौकटीची जागा

संगणकावर यादृच्छिक, म्हणजे आपली निवड न चालवता चिठ्ठीसारखे निघणारे, बिंदू काढून जीपीएसच्या साहाय्याने तेथे पोहोचायचे, हे ऐकायला बिनचूक वाटते. परंतु साध्या जीपीएसची चूक मोकळ्या आकाशाखालीही ३ ते ५ मीटर असते आणि सड्यावरचा एखादा ओलसर पट्टा तेवढाच रुंद असतो. शेवटचे ते काही मीटर संशोधकाची नजर ठरवते, आणि नजर नेहमी फुलांकडे जाते. माझ्या पहिल्या हंगामातल्या चौकटी मी पुढे नकाशावर ताडून पाहिल्या, तेव्हा उघड्या कातळाचा वाटा प्रत्यक्षापेक्षा बराच कमी आला होता. तो सगळा हंगाम मला बाजूला ठेवावा लागला.

म्हणून पुढील पद्धत वापरावी.

१. पूर्वपाहणीत आखलेल्या प्रत्येक सूक्ष्म अधिवासाच्या तुकड्याला क्रमांक द्यावा आणि चिठ्ठी किंवा यादृच्छिक संख्या वापरून तुकडे निवडावेत.

२. निवडलेल्या तुकड्याच्या सर्वांत लांब अक्षावर टेप टाकावी.

३. घरीच छापून आणलेल्या यादृच्छिक संख्यांच्या यादीतील पुढची संख्या घेऊन टेपवर तेवढे अंतर मोजावे. संख्या टेपच्या लांबीपेक्षा मोठी असेल तर ती सोडून पुढची घ्यावी.

४. त्या बिंदूवर चौकटीचा डावा खालचा कोपरा ठेवावा आणि तेथे जे असेल ते नोंदवावे, मग ते निव्वळ कोरडे कातळ का असेना.

रिकामी चौकट ही वाया गेलेली चौकट नव्हे. ‘काही नव्हते म्हणून पुढे सरकलो’ या एका सवयीने सड्याचे सरासरी आच्छादन (वनस्पतींनी झाकलेल्या जमिनीचा वाटा) फुगते आणि पुढे ते आकडे वापरणाऱ्या प्रत्येकाची फसगत होते.

*सावधान:* टेपच्या एकाच बाजूने चालावे आणि चौकटी दुसऱ्या बाजूला घ्याव्यात. एका सड्यावरून दुसऱ्यावर जाण्याआधी बुटांचे तळवे घासून स्वच्छ करावेत; बिया चिखलातून प्रवास करतात.

टप्पा ७: चौकटीतील नोंद

क्रम असा ठेवावा: आधी वरून छायाचित्र, मग साचलेल्या पाण्याची खोली, मग वनस्पती, आणि सर्वांत शेवटी मातीची जाडी. सळई आधी खुपसली तर झाडे तुटतात आणि खळग्यातले पाणी गढूळ होते. जाडीसाठी चार कोपरे आणि मध्य अशी पाच मापे घ्यावीत आणि पाचही लिहून ठेवावीत, केवळ सरासरी लिहू नये, कारण जांभ्याच्या खड्यावर अडलेली सळई खोटे माप देते आणि ते पुढे मूळ मापांवरूनच ओळखता येते.

गवते आणि युट्रिक्युलारिया यांची रोपे मोजत बसण्यात अर्थ नाही. एक रोप कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते हेच कळत नाही. आच्छादनाचा अंदाज घ्यावा. ५० सेंटिमीटरच्या चौकटीत ५ सेंटिमीटर बाजूचा चौरस म्हणजे बरोबर १ टक्का. पुठ्ठ्याचा तसा तुकडा कापून खिशात ठेवावा आणि प्रत्येक अंदाजाआधी एकदा डोळ्यांसमोर धरावा. वनस्पती एकमेकींवर पसरतात, म्हणून सर्व प्रजातींच्या आच्छादनाची बेरीज १०० च्या पुढे जाऊ शकते. ती ओढूनताणून १०० वर आणू नये. उघडा कातळ, पाणी आणि वाळका पाला यांची नोंद स्वतंत्र असावी.

नाव माहीत नसेल तर अंदाजाने देऊ नये. ‘गवत क’, ‘गेंद ३’ असे सांकेतिक नाव द्यावे, त्याच क्षणी दोन ओळींचे वर्णन लिहावे आणि तीच वनस्पती चौकटीबाहेर शोधून तिचा नमुना घ्यावा. पुढच्या फेरीत फुलोरा आल्यावर सांकेतिक नावाचे खरे नाव होते. अंदाजाने दिलेले चुकीचे नाव मात्र कधीच उघडकीस येत नाही.

नोंद करणारे दोघे असतील तर हंगामाच्या सुरुवातीला आणि मध्यावर दहा समान चौकटींचे अंदाज एकमेकांना न सांगता घेऊन ताडून पाहावेत. एकाने सगळे चराईचे सडे आणि दुसऱ्याने सगळे बिनचराईचे सडे घेणे टाळावे. त्यात दोन डोळ्यांमधला फरक दोन सड्यांमधला फरक म्हणून छापला जातो.

*तपासणी:* चौकट उचलण्याआधी कागदावर सडा, अधिवास, चौकटीचा क्रमांक, तारीख, वेळ आणि नोंद करणाऱ्याचे नाव हे सहाही रकाने भरलेले आहेत ना, हे सहकाऱ्याने मोठ्याने वाचून पाहावे.

टप्पा ८: नमुने

युट्रिक्युलारियाची फुले पिशवीतून मुक्कामी नेईपर्यंत लिबलिबीत होतात. ती जागेवरच दाबावीत आणि दोन-तीन फुले अल्कोहोलमध्ये ठेवावीत. पावसाळ्यात वर्तमानपत्रे दिवसातून दोनदा बदलली नाहीत तर तिसऱ्या दिवशी बुरशी येते. बल्बच्या उबेवर चालणारी साधी लाकडी पेटी मुक्कामाच्या ठिकाणी बनवून घेता येते. वाळलेला नमुना ४२ × २८ सेंटिमीटरच्या कागदावर लावून मान्यताप्राप्त हर्बेरियममध्ये जमा करावा आणि त्याचा क्रमांक प्रबंधात द्यावा. क्रमांक नसलेले नाव पुढच्या संशोधकाला तपासता येत नाही.

खरपुडी म्हणजे सेरोपेजियाचे कंद, तसेच आमरींचे कंद, नमुन्यासाठी उपटू नयेत. पान, फूल आणि मोजपट्टीसह घेतलेली छायाचित्रे पुरतात. अशा प्रजातींचे नेमके अक्षांश-रेखांश प्रबंधात किंवा खुल्या माहितीसंचात देऊ नयेत. तालुका लिहिणे पुरेसे आहे.

टप्पा ९: रोजची नोंद आणि तक्ता

प्रत्येक कागदाचे छायाचित्र त्याच संध्याकाळी काढून दोन ठिकाणी साठवावे आणि तक्ता आठवड्याच्या आत भरावा. एका चौकटीतील एका प्रजातीसाठी एक ओळ ठेवावी. ‘नव्हती’ म्हणजे शून्य आणि ‘पाहिले नाही’ म्हणजे रिकामा रकाना, हा भेद शेवटपर्यंत पाळावा. तारखेसाठी वर्ष, महिना आणि दिवस असे तीन रकाने करावेत, कारण संगणक ५-८ ही नोंद कधी ५ ऑगस्ट तर कधी ८ मे अशी वाचतो.

एकाच वनस्पतीची दोन नावे यादीत शिरली की विविधता खोटीच वाढते. कारवी जुन्या-नव्या साहित्यात स्ट्रोबिलँथिस कॅलोसा आणि कार्विया कॅलोसा अशा दोन्ही नावांनी आढळते. सोनकी कोठे सेनेसिओ ग्रॅहॅमाय तर कोठे सेनेसिओ बॉम्बेएन्सिस असते. सर्व नावे क्यू येथील उद्यानाच्या ऑनलाइन सूचीशी ताडून एकच नाव ठेवावे आणि मूळ नोंदीतले नाव शेजारच्या रकान्यात जपावे.

टप्पा १०: विश्लेषण

पहिल्या टप्प्यात लिहिलेले वाक्य पुन्हा वाचावे. एकक सडा असेल तर संख्याशास्त्रीय प्रारूपात सडा हा यादृच्छिक घटक म्हणून आलाच पाहिजे, आणि प्रजातिसमूहांची तुलना फेरमांडणीच्या चाचणीने (म्हणजे गटांची नावे पुन्हा पुन्हा अदलाबदल करून) करताना संपूर्ण सड्याची अदलाबदल व्हावी. सुट्या चौकटींची नव्हे. कोणती चाचणी करायची हे माहिती हाती येण्याआधी लिहून तारखेसह मार्गदर्शकांकडे द्यावे.

टप्पा ११: पोस्टडॉक आणि जुन्या चौकटी

नॅशनल पोस्ट डॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची असते, म्हणजे हातात दोनच पावसाळे असतात. ऑगस्टमध्ये रुजू होऊन मग परवानगीचा अर्ज केला तर त्यातला एक गेलाच. संस्थेचे संमतिपत्र मिळताच वनविभागाशी पत्रव्यवहार सुरू करावा आणि शक्य असल्यास रुजू होण्याची तारीख मार्च-एप्रिलमधली घ्यावी.

जुन्या विद्यार्थ्याच्या चौकटींचे पुनर्सर्वेक्षण हा या काळाचा उत्तम उपयोग आहे. त्यासाठी छापील प्रबंधावर न विसंबता सड्यावर भरलेले मूळ कागद आणि जमा केलेले नमुने मिळवावेत. पूर्वी सर्व गेंद एकाच नावाखाली नोंदले गेले असतील, तर तुलनेपुरते आपणही ते एकत्र करावेत, अन्यथा केवळ बारकाईने ओळखल्यामुळे प्रजाती ‘वाढलेल्या’ दिसतात. चौकटीचा आकार बदलायचा असला तरी पहिल्या पावसाळ्यात काही चौकटी जुन्याच पद्धतीने घ्याव्यात. परवानगी असेल आणि जागा कातळशिल्पांपासून दूर असेल, तर दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांवर गंज न लागणारे खिळे बसवावेत. नसेल तर एखाद्या न हलणाऱ्या खडकापासूनचे अंतर, दिशा आणि चारही बाजूंची छायाचित्रे नोंदवावीत.

काम संपवताना मूळ कागद, तक्ता, सांकेतिक नावांची किल्ली आणि नमुन्यांचे क्रमांक हे सर्व विभागात एकत्र जमा करावे. सड्यावर आढळलेल्या वनस्पतींची मराठी आणि शास्त्रीय नावांची यादी, संवेदनशील प्रजातींच्या जागा वगळून, जमीनमालकांना आणि गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला द्यावी. समितीच्या लोकजैवविविधता नोंदवहीत ती नोंदवली गेली की नाही, हे पुढच्या पावसाळ्याआधी एकदा जाऊन पाहावे.